खिडकीकडचं बटन

डावं आणि उजवं हे दोन शब्द मास्तर फोनवर कधी म्हणजे कधीच बोलले नाहीत. "खिडकीकडचं बटन दाबा," म्हणायचे. "दाराकडची नळी धरा." समोरच्याच्या घरात खिडकी कुठे आणि दार कुठे, हे आधी विचारून घेतलेलं असायचं. म्हणून त्यांचा एकेक फोन पंचवीस मिनिटं चालायचा आणि माझा चार. मला माझ्या त्या चार मिनिटांचा तेव्हा फार अभिमान होता. तेव्हा म्हणजे काही फार जुनं नाही सांगत मी, चारेक वर्षं झाली असतील.

आम्ही काय काम करत होतो ते आधी सांगते, नाहीतर मी अशीच बोलत सुटेन. नागपूरच्या प्रताप नगरात एका मॅडमचं दुकान होतं, घरी लागणाऱ्या दवाखान्याच्या सामानाचं. वरखाली होणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनची मशीनं. सिलिंडर नव्हे. हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीनं नाकात देते ना, लहान फ्रिजएवढं, दिवसभर घरघर करणारं, हवा ओली करायला पाण्याची बाटली लावलेलं, ते. ही मशीनं उमरेड, काटोल, भंडारा, कुठे कुठे जायची. मशीन गेलं की आठ दिवसांत फोन आलाच. आवाज येऊन राहिला, लाल लाइट लागला, हवाच नाही येत. हे फोन घ्यायला आम्ही दोघं. तिसरं कोणी नाही.

मी तिथे कशी गेले? सासूबाईंना हेच मशीन लागलं होतं शेवटची दोन वर्षं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण ते मशीन मी खोलून, पुसून, फिल्टर धुऊन, कंपनीचं पुस्तक अक्षर अक्षर लावून शिकले. सासूबाई गेल्या तेव्हा मशीन परत करायला गेले आणि मॅडमला त्याची खोड सांगितली. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही आमच्याकडेच का येत नाही?" पंचावन्नाव्या वर्षी मला पहिली नोकरी लागली, बरं का!

मास्तर माझ्या आधीपासून होते. शाळेतले मास्तर नव्हेत, स्टेशन मास्तर. छोट्या लाइनवरच्या कुठल्याशा स्टेशनावर सारी उमर काढून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, इस्त्री अशी की पापड वाळवावा त्याच्यावर. फोन वाजला की चपला काढून पाय जुळवून बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "नागपूर बोलते."

एकदा पलीकडचा माणूस म्हणाला, "पूर्ण नागपूर?"

"जेवढं तुम्हाले लागते तेवढं," मास्तर म्हणाले. हसले नाहीत.

त्यांच्या टेबलाशेजारी प्रत्येक जातीचं एकेक बिघडलेलं मशीन ठेवलेलं असायचं. समोरच्याला जिथे हात लावायला सांगायचं, तिथे आधी स्वतःचा हात लावायचे. माझं म्हणणं होतं, मास्तर, तुम्हाला तर सगळं पाठ आहे, काहून हात लावून राहिले? तर म्हणाले, "बाई, फोनले हात नसतात. तोंडानंच हात लावा लागते. मग आपला हात कुठं आहे हे आपल्याले तं माहीत पाहिजे."

आणि कागद. पाठकोऱ्या कागदावर ते समोरच्याची खोली काढायचे. ही भिंत, हा पलंग, हा देव्हारा, इथे कपाट, हा मशीनचा डबा. विचारत विचारत काढायचे. असे शेदीडशे कागद होते त्यांच्याकडे, दोरीनं बांधलेले. विदर्भातली इतकी घरं त्या माणसानं न पाहता पाहिली होती. एकदा भंडाऱ्याचा एक जण फिल्टर न्यायला दुकानात आला. नुसतं नाव सांगितलं आणि मास्तरांनी विचारलं, "तुमचं कपाट अजून दारामागंच आहे का? त्याच्यानं हवा अडून राहिली मशीनची. सरकवा ते." त्या माणसाचा चेहरा असा झाला की काय सांगू! मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "ताई, यांच्या अंगात येते का?"

"दिसते ते सांगा, वाटते ते मागून सांगजा." हे त्यांचं ब्रीदवाक्य. डबा खातानाही सुटका नाही.

"काय आणलं बाई?"

"भाजी आहे."

"भाजी हे तुमचं मत झालं. दिसते काय?"

"हिरवं दिसते, तेल सुटलं आहे, लसूण काळा पडला आहे."

"हं. म्हणजे मेथी आहे आन् घाईनं केली आहे."

मला राग यायचा आणि हसूही यायचं.

आता यामागचं सांगते, कारण मलाही फार उशिरा कळलं ते. स्टेशनावर गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला फोनवर विचारावं लागायचं, रूळ मोकळा आहे का. तिकडच्यानं नुसतं "मोकळा आहे" म्हणून चालायचं नाही. त्याच्यापुढे आकड्यांची एक यादी असायची. त्यातला पुढचा आकडा त्यानं सांगायचा, इकडच्यानं लिहून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा. मगच गाडी हलायची. मास्तर म्हणायचे, "कसं आहे बाई, झोपेतला माणूसही 'हो' म्हणते. आकडा सांगाले डोळे उघडा लागतात."

म्हणून ते गिऱ्हाइकाला काही केल्या "हो" वर सोडायचे नाहीत. "बटन दाबलं का?" असं विचारायचेच नाहीत. "ज्याच्यावर तुमचं बोट आहे त्याच्याखाली काय छापलं आहे, वाचा." वाचता येत नसेल तर, "रंग सांगा. त्याच्या शेजारी काय आहे?" हवा येते का, हे तर कधीच नाही. "नाकातली नळी पाण्याच्या वाटीत धरा. काय दिसते?" बुडबुडे दिसतात म्हटलं की मग म्हणायचे, "आता नाकाले लावा." आणि मग लिहायचे वहीत, वेळ टाकून, काम पूर्ण.

लोक चिडायचे. आजारी माणूस समोर, मशीन ठणाणा करून राहिलं आणि हा म्हातारा विचारतो, खिडकी कोणत्या भिंतीला आहे! मॅडमकडे तक्रारी जायच्या. मॅडम काही वाईट नव्हत्या हो. पण दुसरा फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी नियम केला, पाच मिनिटांत फोन संपला पाहिजे. मास्तरांनी नियम ऐकला, मान हलवली आणि पुढचा फोन एकतीस मिनिटं केला.

"मास्तर, हे शेवटचं सांगते," मॅडम म्हणाल्या होत्या. "आणखी एक तक्रार आली, तर तुम्हाला मागे पॅकिंगला बसवीन. नाही जमलं तर घरी." त्या दिवशी मास्तर डबा न खाता तसाच परत घेऊन गेले. फोनशिवाय त्यांना दुसरं काही नको होतं.

माझं वेगळं चाललं होतं. मॅडम शहराबाहेर मिहानकडे मोठी जागा घेऊन राहिल्या होत्या. तिथे फोनवर पाच-सहा पोरी बसवायच्या आणि त्यांना शिकवायला मी. "काकू, तुम्ही सिनिअर," मॅडम म्हणाल्या. मला आयुष्यात त्याआधी कोणी सिनिअर म्हटलं नव्हतं. घरी मी सगळ्यांत मोठी सून होते, पण ते वेगळं.

मग तो उमरेडचा फोन आला. मे महिना, भर दुपार. फोन मास्तरांनी घेतला. पलीकडे एक सून होती, कोवळ्या आवाजाची. सासरे अंथरुणावर, सगळी जिंदगी हातमागावर बसून काढलेले, आता छाती भरलेली. घरात दोघंच. मशीन बोंबलून राहिलं होतं, ते आम्हाला इथपर्यंत ऐकू येत होतं.

"बेटा, मशीन कोणत्या भिंतीशी आहे?" मास्तर.

"काकाजी, माहे सासरे तडफडून राहिले, तुम्ही भिंत काय विचारता!"

"सांगतो ना बेटा. खिडकी कुठं आहे?"

ती रडायलाच लागली. मॅडम आतून बाहेर आल्या. मास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आणि मी, देवा रे, मी मास्तरांच्या हातातून फोन काढून घेतला. "द्या हो इकडे."

"हे बघ बाळ, रडू नको. बटन बंद कर. मागची जाळी काढ, झटक, परत बसव. पाण्याची बाटली काढून नीट घट्ट लाव. कर सुरू. आवाज बंद झाला?"

"हाव जी."

"नळी बरोबर लागली?"

"हाव जी."

"सासऱ्यांना बरं वाटते आता?"

"हाव जी."

"झालं तर मग. घाबरायचं नाही."

तीन मिनिटंही नाहीत लागली. मॅडम म्हणाल्या, "बघा मास्तर. असं असतं." आणि आत गेल्या. मी वहीत लिहिलं, काम पूर्ण. माझी सही. मास्तर माझ्याकडे पाहत नव्हते, ते त्यांच्या कागदाकडे पाहत होते. त्याच्यावर एकच भिंत काढलेली होती.

पाच मिनिटांनी त्यांनी वही ओढली, नंबर पाहिला आणि स्वतःचा मोबाइल काढला.

"काहून आता?" मी म्हटलं. "झालं ना ते."

"बाई, तीन वेळा 'हाव जी' ऐकू आलं मले. तिले काय दिसलं ते एकदाही नाही ऐकू आलं."

मला असा संताप आला म्हणता! पण मी तिथेच उभी राहिले, त्यांचं बोलणं ऐकत. भिंत विचारली. खिडकी विचारली. आता मशीनचा बोंबलणारा आवाज नव्हता म्हणून ती पोरगी उत्तरं देत होती. मग म्हणाले, "बेटा, नाकातली नळी काढ आन् वाटीतल्या पाण्यात धर. काय दिसते?"

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाज आला. मास्तरांनी फोन माझ्या कानाशी धरला.

"काहीच नाही दिसत जी."

बाटली काढताना वरची नळी निसटली होती आणि पलंगाखाली पडली होती. मशीन छान घरघरत होतं, लाइट हिरवा होता आणि सगळी हवा बाटलीच्या तोंडातून खोलीत जाऊन राहिली होती. मास्तरांनी तिला भिंतीकडून हात घालायला सांगितलं, नळीचं टोक सापडेपर्यंत. बाटलीच्या कोणत्या तोंडाला लावायची तेही सांगितलं. बुडबुडे आले. तिला ते मोजायला लावले, वीसपर्यंत, मोठ्यानं. सासऱ्यांच्या ओठांचा रंग विचारला. थोड्या वेळानं परत विचारला. मग म्हणाले, "आता सांग बेटा, मघा त्या बाईंना 'हाव' काहून म्हटलं तू?"

ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या बाई बोलून राहिल्या होत्या जी. घाईत होत्या. त्याहीले नाही कसं म्हणाव?"

मास्तरांनी फोन परत माझ्या कानाशी धरला होता, हे मी माझ्या कानानं ऐकलं. आपल्याकडच्या सुनेचं हेच आहे. वडीलधाऱ्याला नाही म्हणायचं नाही. मीही तशीच सून होते की एकेकाळी. मला हे कळायला पाहिजे होतं.

मास्तरांनी मोबाइल खिशात ठेवला. वहीत माझ्या सहीखाली त्यांनी काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या नवऱ्याचा फोन आला, सरळ मॅडमला. म्हणाला, कोण्या परक्या माणसानं खासगी नंबरवरून भरदुपारी माझ्या बायकोला फोन केला. घरात खिडकी कुठे, दार कुठे, पलंग कुठे, घरी आणखी कोण आहे, हे विचारणारा हा कोण? तो कामावर होता, त्याला पुढचं काही माहीत नव्हतं. बायकोनं घाबरून पूर्ण सांगितलंही नसेल. त्याचंही काही चुकलं नाही, आपणही असेच भडकलो असतो.

मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "मास्तर, स्वतःच्या मोबाइलवरून बायामाणसांना फोन? तो पोलिसांत जाईन म्हणून राहिला."

"काम अर्धं राहिलं होतं मॅडम."

"अर्धं कसं? काकूंनी केलं होतं ना पूर्ण. वहीत सही आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "केलं होतं ना काकू?"

मी "हो" म्हटलं.

एवढंच. दुसरं काही बोलले नाही. खोटी साक्ष नाही दिली, चुगली नाही केली. एक अक्षर बोलले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. वाट पाहिल्यासारखं पाहिलं, मी पुढे आणखी काही बोलेन म्हणून. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

"बरं आहे," ते म्हणाले. बाहेर येऊन चपला घातल्या. कागदांचं बंडल माझ्या टेबलावर ठेवलं. "असू द्या तुमच्याजवळ. भंडाऱ्याचं कपाट सरकलं असेल तं दुरुस्त करून घेजा."

मी मिहानला सिनिअर झाले. पोरींना शिकवलं. काय शिकवलं? "दिसते ते विचारा, वाटते ते नको. 'हो' वर फोन ठेवायचा नाही. वाटीत नळी धरायला सांगा." पोरी वहीत उतरवून घ्यायच्या. म्हणायच्या, काकू, तुम्हाला कसं सुचते हो! मी एकदाही नाही सांगितलं की हे माझं नाही. पाच मिनिटांचा नियमही मीच रद्द करून घेतला मॅडमकडून. म्हणजे बघा, माझं ऐकत होत्या त्या. एक शब्द बोलले असते तर मास्तरही राहिले असते. मोबाइलमध्ये त्यांचा नंबर होता. आज करते, उद्या करते. दिवाळीला करते. फोनवर दिवसभर बोलणारी बाई मी, मला तो एक फोन जमला नाही. दोन वर्षं गेली.

मग कळलं, मास्तर गेले. पोटाचा आजार होता म्हणे, सात-आठ महिने.

दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी पहिल्यांदाच पाहिलं. बुटक्या, गोऱ्या, आवाज मात्र खणखणीत. एवढा मोठा आवाज की मी दचकलेच. त्या स्वतःच म्हणाल्या, "माफ करा ताई, सवय झाली ओरडून बोलायची. यांचे कान गेले होते ना."

मी म्हटलं, "कान?"

"हाव ना. म्हणून तं काम सोडलं यांनी. घरी येऊन म्हणे, मले फोनवर ऐकू येत नाही आता, मॅडमचं नुकसान होते, मीच सोडून आलो. मशीन लावा म्हटलं कानाले, तं नाही म्हणे. दोन वर्षं ओरडून ओरडून माहा गळा बसला पाहा."

मी काय करायला गेले होते तिथे? माफी मागायला. म्हणून मी सांगून टाकलं, सगळं. उमरेड, नळी, मॅडमची केबिन, माझं ते एक अक्षर. आणि म्हटलं, "वहिनी, त्यांचे कान चांगले होते. माझ्यापेक्षा चांगले होते. त्यांना काढलं ते माझ्यामुळे. त्यांना ते तुम्हाला सांगायचं नसेल, म्हणून कानाचं सांगितलं असेल."

मला वाटलं होतं त्या रागावतील. किंवा रडतील आणि मग म्हणतील, जाऊ द्या आता. मी मनात दोन्हीची तयारी करून गेले होते.

त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. बोलल्या तेव्हा आवाज एकदम खाली गेला होता, साधा, आपल्या बोलण्यासारखा.

"त्यांना आम्ही नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले ते. गाठ आहे आन् आता काही होत नाही, हे. पोरगी म्हणे बाबांना सांगू नको, अॅसिडिटी आहे म्हण. मी तसंच म्हटलं, ओरडून. आन् मग रोज पोरीचा फोन येई पुण्याहून. मी इथंच बसून बोलू तिच्याशी. ते त्या खुर्चीवर पेपर वाचत. मी म्हटलं, यांना काय ऐकू येते! किती दिवस सांगितले डॉक्टरांनी, कोणा-कोणाले बोलवा लागते, सगळं बोललो आम्ही. तेरवीचं सुद्धा बोललो, ताई. त्यांच्यासमोर."

मी त्या खुर्चीकडे पाहिलं.

"पेपरचं पान उलटवत राहत ते," त्या म्हणाल्या.

आतून कुकरची शिटी झाली. त्या उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. माझा चहा तसाच होता, तो घ्या असं त्या म्हणाल्या नाहीत.

"सांगितलं ते बरं केलं," वहिनी म्हणाल्या. "पण आता काही दिवस येऊ नका."

मी पायऱ्या उतरले. अजून गेले नाही.